नॅन्सी पेलोसी: डोकी मोजणारी बाई

"नॅन्सी पेलोसीला भाषण धड करता येत नाही, बाप राजकारणात होता, नवरा पैसेवाला, मग २० वर्षं अख्खा पक्ष तिच्या मुठीत कसा राहिला आणि लोक तिला एवढं का मानतात?" असा, अमेरिकन संसदेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या राहिलेल्या ह्या बाईंबद्दलचा, प्रश्न आहे. पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. भाषण तर बेतास बात, वाक्य अर्ध्यात सोडतात, मध्येच दुसऱ्या विषयावर जातात. पण ज्या कामासाठी त्यांना मानतात ते काम माईकसमोर होतच नाही.

आधी माझं थोडं. मी २४ वर्षं मुंबईत एका पक्षाच्या विधिमंडळ कार्यालयात काढली, डिसेंबर आला की बाडबिस्तरा घेऊन नागपूर. पक्ष कुठला ते सोडा. माझं काम म्हणजे व्हिप (मत कसं द्यायचं ह्याचा पक्षाचा आदेश) टाइप करून आमदारांकडून पोच घ्यायची, कोण आमदार निवासात आहे, कोण गावी गेलाय, कोणाचा फोन संध्याकाळपासून बंद येतोय ह्याचा हिशोब ठेवायचा आणि मतदान आलं की डोकी मोजायची. त्यामुळे पेलोसीबाईंकडे मी ह्याच बाजूने बघतो, बाकी त्यांची विचारसरणी वगैरे पटते न पटते तो वेगळा विषय.

एक फरक आधी पक्का करा नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. आपल्याकडे १९८५ ला ५२वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते (पुढे त्यातून कशाकशा पळवाटा निघाल्या ते तुम्ही टीव्हीवर बघितलंयच). अमेरिकेत असा कायदा नाही. तिथला व्हिप म्हणजे विनंती. खासदाराने पक्षाविरोधात मत दिलं तरी खासदारकी जात नाही, आणि तिकीट कापीन अशी धमकी पण फारशी चालत नाही कारण तिकीट हायकमांड देतच नाही, मतदारसंघातले लोक प्रायमरीत मतदान करून ठरवतात. म्हणजे हाउसमध्ये, तिथल्या ४३५ जणांच्या खालच्या सभागृहात (वरचं ते सिनेट), २१८ जमवायचे आणि हातात काठी नाही. मग हातात असतं काय, तर कोणाला कुठल्या कमिटीवर घ्यायचं, कुठलं बिल कधी मतदानाला आणायचं, निवडणुकीचा निधी कोणाकडे वळवायचा, आणि प्रत्येकाच्या मतदारसंघाची कुंडली.

माझी एक फजिती सांगतो म्हणजे कळेल. विधान परिषदेची निवडणूक, आमदारांनी मतं द्यायची, मतदान गुप्त. आमच्या शेवटच्या उमेदवाराला कोटा पुरा करायला बाहेरची ४ मतं हवी होती. एका अपक्षाने कॅन्टीनच्या दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बघतो ना, काळजी करू नका." मी त्याच्या नावासमोर बरोबरची खूण केली. मतमोजणीत नेमकं एक मत कमी पडलं. मतदान गुप्त, त्यामुळे फुटला तो हाच की दुसरा कोणी हे आजही सांगता येणार नाही. साहेब काही बोलले नाहीत, फक्त माझा कागद मागून घेतला, त्या खुणेवर बोट ठेवलं आणि कागद परत दिला. तेव्हापासून माझ्या कागदावर तीन रकाने असायचे, हो, नाही आणि 'बघतो'. 'बघतो' बेरजेत धरायचं नाही. पेलोसीबाईंना हे लहानपणापासून माहीत होतं, मला चाळिशीत कळलं.

लहानपणापासून म्हणतोय ते उगाच नाही. जन्म २६ मार्च १९४०, बाल्टिमोरच्या लिटल इटलीत. वडील थॉमस डी'अलेसांद्रो त्या वेळी खासदार होते, पुढे १९४७ पासून १२ वर्षं बाल्टिमोरचे महापौर. मुलगी एकटीच आणि सगळ्यात धाकटी, बाकी सगळे भाऊ. त्यातला एक पुढे महापौर पण झाला. अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात सकाळपासून लोकांची रीघ, कोणाला म्युनिसिपाल्टीत नोकरी, कोणाला सरकारी घर, कोणाला हॉस्पिटलात खाट. आई हे सगळं पिवळ्या कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून ठेवायची, कोणाचं काय काम केलं, आणि निवडणूक आली की तोच कागद बाहेर निघायचा. छोट्या नॅन्सीला फोनवर कोणाला कुठे पाठवायचं ते पाठ होतं. आपल्याकडे नगरसेवकाच्या घरात वाढलेल्या पोरांना विचारा, अगदी हेच सांगतील. तर हो, बापाचं राजकारण मिळालं, पण मला विचाराल तर बाईंनी उचललं ते आईचं, ती चिटोरी.

१९६२ ला वॉशिंग्टनच्या ट्रिनिटी कॉलेजातून डिग्री घेतली, मग मेरीलँडच्या सिनेटर ब्रूस्टर यांच्या ऑफिसात काम. तिथेच स्टेनी हॉयर नावाचा एक तरुण पण काम करत होता, हे नाव लक्षात ठेवा. १९६३ ला पॉल पेलोसींशी लग्न, आधी न्यूयॉर्क, १९६९ ला सॅन फ्रान्सिस्को, आणि ६ वर्षांत ५ मुलं. त्या काळात पूर्णवेळ घर. शाळेचे डबे भरायला मुलांनाच ओळीने उभं करायच्या म्हणे. घर मोठं म्हणून पक्षाचे कार्यक्रम घरी व्हायला लागले, त्यातून पैसे उभे करायचं काम आलं, १९७६ ला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले तेव्हा ह्यांनी माहेरच्या ओळखी कामाला लावल्या आणि ब्राउननी मेरीलँडची प्रायमरी मारली. तिथून मग कॅलिफोर्नियाच्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्ष. १९८५ ला पक्षाचं राष्ट्रीय अध्यक्षपद मागितलं, मिळालं नाही.

खासदारकीची गोष्ट खरंच वाचण्यासारखी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खासदार सॅला बर्टन कॅन्सरने आजारी होत्या, त्यांनी जाण्याआधी सांगून ठेवलं की माझ्या जागी नॅन्सीने उभं राहावं. १ फेब्रुवारी १९८७ ला त्या गेल्या. पेलोसीबाई तेव्हा ४६ च्या, चार मुलं घराबाहेर पडलेली, धाकटी अलेक्झांड्रा शाळेच्या शेवटच्या वर्षाला. आईने विचारलं तू म्हणशील तर नाही उभी राहत, तर पोरगी म्हणाली आई, जरा स्वतःचं आयुष्य बघ. (हा किस्सा बाई स्वतःच शंभर वेळा सांगतात.) पोटनिवडणुकीत समोर हॅरी ब्रिट, शहरातल्या समलिंगी चळवळीचा माणूस, हार्वी मिल्क ह्या समलिंगी नगरसेवकाच्या खुनानंतर त्याच्या जागी आलेला. बाई थोडक्यात वाचल्या. जून १९८७ ला शपथ घेतली, आणि शपथेनंतर बोलायला मिळालेल्या त्या एका मिनिटात सांगून टाकलं की मी एड्सशी लढायला आले आहे. तेव्हा त्या रोगाचं नाव पण लोक दबक्या आवाजात घेत होते, पक्षातल्याच काहींनी नंतर विचारलं की पहिल्याच दिवशी हे कशाला.

पुढची १४ वर्षं मागच्या बाकावर, पण कमिट्या भारी, खर्चाची अ‍ॅप्रोप्रिएशन्स कमिटी आणि गुप्तचर कमिटी. १९९१ ला बीजिंगला गेल्या तेव्हा दोन सहकाऱ्यांबरोबर तिआनमेन चौकात मेलेल्यांसाठी फलक धरून उभ्या राहिल्या, पोलीस धावत आले. चीन आणि तिबेट हा विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, २००८ ला आणि परत २०२४ ला धरमशाळेला येऊन दलाई लामांना भेटून गेल्या, ऑगस्ट २०२२ ला तैवानला गेल्या.

२००१ ला पक्षाच्या व्हिप पदाची (इथे व्हिप म्हणजे मतं जमवणारा नेता) निवडणूक लागली आणि समोर कोण, तर तेच स्टेनी हॉयर. ११८ विरुद्ध ९५. अमेरिकन संसदेत एवढ्या वरच्या पदावर पोचलेली पहिली बाई. ही निवडणूक पक्षाच्या खासदारांतली आणि गुप्त, म्हणजे आमच्या विधान परिषदेसारखीच, समोरासमोर सगळे 'तुम्हालाच' म्हणणार. २००२ ला इराक युद्धाच्या विरोधात मत दिलं, २००३ पासून गटनेत्या, २००६ ला बहुमत आलं आणि ४ जानेवारी २००७ ला पहिल्या महिला स्पीकर झाल्या. तिथला स्पीकर म्हणजे आपल्या अध्यक्षासारखा तटस्थ वगैरे नसतो हं, बहुमताचा सेनापतीच असतो तो.

चुका केल्याच नाहीत असं नाही. स्पीकर व्हायच्या आधीच, नोव्हेंबर २००६ मध्ये, पक्षातल्या दोन नंबरच्या पदासाठी हॉयरना पाडायला जॉन मर्था ह्यांना उभं केलं आणि हॉयर १४९ विरुद्ध ८६ ने जिंकले. मर्थांनी २००१ ला बाईंचं काम केलं होतं, ती परतफेड होती, पण आकडा नसताना परतफेड करायला गेलं की असं तोंडावर पडतो माणूस. मग २९ सप्टेंबर २००८, बँका वाचवायचं बिल, २०५ विरुद्ध २२८ ने पडलं आणि त्याच दिवशी डाऊ जोन्स ७७७ अंकांनी आपटला. ह्यांच्या बाजूचे १४० आले, ९५ नाही आले, पण समोरच्या रिपब्लिकन पक्षाचे १९८ पैकी फक्त ६५ आले. दुसऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवला की काय होतं ते बघा. ४ दिवसांनी बिल परत आणलं आणि २६३ मतं घेऊन पास केलं.

आता मुख्य गोष्ट, ओबामांचं आरोग्य विम्याचं बिल. ह्या एका प्रकरणात त्यांचं सगळं काम दिसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं मतदान ७ नोव्हेंबर २००९ ला, शनिवारी. आदल्या रात्री बेरीज लागत नव्हती कारण पक्षातला गर्भपातविरोधी गट बार्ट स्टुपाक ह्यांच्यामागे अडून बसला होता, त्यांना विम्यात गर्भपाताच्या खर्चावर बंदी हवी होती. पेलोसीबाई स्वतः कट्टर कॅथलिक पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या (ह्यावरून २०२२ ला त्यांच्याच शहराच्या आर्चबिशपने त्यांना कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद, बंद केलं). पक्षातल्या बायका भयंकर चिडल्या होत्या. बाईंनी काय केलं, तर स्टुपाकच्या दुरुस्तीवर मतदान होऊ दिलं, ती २४० विरुद्ध १९४ ने पास झाली, आणि मग मूळ बिल २२० विरुद्ध २१५ ने. स्वतःला न पटणारी गोष्ट बिलात जाऊ दिली, कारण त्याशिवाय २१८ होत नव्हते. भाषणं करणारा नेता हे करू शकत नाही, त्याला उद्या लोकांना तोंड दाखवायचं असतं.

मग १९ जानेवारी २०१० ला टेड केनेडींची मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउनने जिंकली आणि सिनेटमधले ६० गेले (तिथे अडवलेलं बिल पुढे न्यायला ६० मतं लागतात). व्हाइट हाउसमधले काही लोक म्हणायला लागले की छोटं बिल करू, मुलांपुरतं वगैरे. बाईंनी त्याची खिल्ली उडवली आणि पत्रकारांना सांगितलं की फाटक बंद असेल तर कुंपणावरून जाऊ, कुंपण उंच असेल तर बांबूने उडी मारू, ते पण नाही जमलं तर पॅराशूटने उतरू. बोलायला सोपं आहे, पण ह्याचा अर्थ असा होता की सिनेटने डिसेंबरात पास केलेलं, हाउसमधल्या लोकांना अजिबात न आवडणारं बिल आपल्याच माणसांच्या गळी उतरवायचं. कुंपणावरच्या ६८ जणांची यादी तयार झाली, कोणी कोणाशी बोलायचं ते वाटून घ्यायचं होतं, तर बाई म्हणाल्या ६८ च्या ६८ मीच घेते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्याकडे १० नावं असली तरी साहेब पाच जणांत वाटून द्यायचे, आणि मग प्रत्येकजण येऊन सांगणार, झालं साहेब, बोललोय.

२१ मार्च २०१०, रविवार. स्टुपाक गटासाठी ओबामांनी अध्यक्षीय आदेश काढायचं कबूल केलं आणि ती मतं आली. काही जागा रिकाम्या होत्या म्हणून त्या दिवशी २१६ पुरेसे होते. निकाल २१९ विरुद्ध २१२. रिपब्लिकन सगळेच्या सगळे १७८ विरोधात आणि स्वतःच्या पक्षातले ३४ पण विरोधात. हे ३४ बघून लोक म्हणतात की पक्ष फुटला. मी उलटं वाचतो. ज्याच्या मतदारसंघात 'हो' म्हणजे घरी बसणं, त्याला आकडा जमल्यावर 'नाही' म्हणू द्यायचं, पण त्याच्याशी आधीच बोलून ठेवायचं की कमी पडलं तर तुला यावं लागेल. ज्याचा कागद पक्का त्यालाच ३४ जण सोडायला परवडतात. माझ्या अख्ख्या नोकरीत आम्ही एकदाच मुद्दाम एक माणूस सोडला होता आणि रात्रभर झोप नव्हती.

किंमत मोजावी लागली. रिपब्लिकनांनी 'फायर पेलोसी' असे फलक लावले आणि नोव्हेंबरात ६३ जागा गेल्या. असा पराभव झाल्यावर स्पीकर सहसा गाशा गुंडाळतात, ह्या परत गटनेत्याला उभ्या राहिल्या, १५० विरुद्ध ४३. २०१६ ला टिम रायन समोर आले तेव्हा १३४ विरुद्ध ६३, म्हणजे नाराजी वाढत होती हे दिसतंच. पण दरवेळी जिंकायच्या, कारण पक्षातल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्यांच्याकडून निधी घेतलेला, कमिटी घेतलेली, आजारपणात फोन आलेला. आईची पिवळी चिटोरी.

भाषणाचा विषय निघालाय तर एक सांगतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये मी मुलीकडे सनीव्हेलला होतो. सकाळी ७ ला चहा घेत टीव्ही लावला तर बाई बोलत होत्या, लहानपणी आईबापांबरोबर बेकायदा आलेल्या मुलांच्या बाजूने, त्यांची पत्रं वाचून दाखवत होत्या. तिथे नियम असा की पक्षनेत्याला एक मिनिट दिलं तरी तो कितीही वेळ बोलू शकतो. मी आंघोळ करून आलो, जेवलो, डुलकी काढली, उठून बघतो तर बाई अजून उभ्याच. ८ तास ७ मिनिटं, वय ७७, पायात ४ इंची टाचा. भाषण म्हणून काही ग्रेट नव्हतं, आवाज बसलेला, शब्द अडखळत होते. मुलगी म्हणाली बाबा, बंद करा आता. नाही केला.

ट्रम्पबरोबरची भांडणं, टाळ्या, भाषण फाडणं, दोन महाभियोग, हे सगळं तुम्ही बघितलंय, त्यात मी वेळ घालवत नाही. त्यापेक्षा एक आकडा बघा, २२२. २०२० च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांचे २२२ आले आणि २०२२ ला रिपब्लिकनांचे पण बरोबर २२२. बाई त्या २२२ वर पहिल्याच फेरीत २१६ मतं घेऊन परत स्पीकर झाल्या आणि दोन वर्षं बिलं पास करत गेल्या. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पायाभूत सुविधांचं बिल अडलं होतं, डावा गट प्रमिला जयपाल ह्यांच्यामागे (चेन्नईत जन्मलेल्या त्या) अडून बसला होता, तर बाईंनी तारखा देऊन पण मतदान घेतलंच नाही. पेपरांनी नाचक्की म्हटलं. ५ नोव्हेंबरला घेतलं तेव्हा २२८ विरुद्ध २०६, स्वतःचे ६ गेले आणि समोरचे १३ आले. उलट केव्हिन मॅकार्थी, तेच २२२, जानेवारी २०२३ मध्ये स्पीकर व्हायला १५ फेऱ्या लागल्या. स्पीकर ठरल्याशिवाय शपथविधी होत नाही, त्यामुळे नव्याने निवडून आलेले आपले बेळगावचे श्री ठाणेदार पण बाकीच्यांसारखे शपथेशिवाय बसून राहिले. आणि ऑक्टोबरात त्यांच्याच पक्षातल्या ८ जणांनी विरोधकांबरोबर जाऊन मॅकार्थींना खाली खेचलं.

पैशाचं राहिलं. पॉल पेलोसींचे शेअरचे व्यवहार ही खरी दुखरी बाजू आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विचारलं की खासदारांना शेअर घ्यायला बंदी घालावी का, तर बाई म्हणाल्या आपली खुली अर्थव्यवस्था आहे, घेऊ दे की. दोन महिन्यांत ओरड एवढी झाली की सूर बदलावा लागला. ज्या बाईला ४३५ जणांचा मूड कळतो तिला हे आधी कळलं नाही ह्याचं मला नवल वाटतं. दुसरा दोष म्हणजे जागा न सोडणं. त्या, हॉयर आणि तिसरे नेते क्लायबर्न, तिघेही ऐंशीच्या पुढे गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये बाईंनी नेतृत्व सोडलं, म्हणजे मधली एक अख्खी पिढी वाट बघून दुसरीकडे निघून गेली. सोडल्यावर तरी गप्प बसाव्यात, तर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारवर देखरेख ठेवणाऱ्या ओव्हरसाइट कमिटीच्या पदासाठी पक्षातल्या तरुण डाव्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ ह्यांच्याविरुद्ध ७४ वर्षांच्या आणि कॅन्सर झालेल्या जेरी कॉनलींना जिंकवलं, १३१ विरुद्ध ८४. काहीच दिवस आधी बाईंनी लक्झेंबर्गमध्ये पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं होतं. मोजणी अचूक, पण निवड? कॉनली ५ महिन्यांत गेले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पुन्हा उभी राहणार नाही, मुदत जानेवारी २०२७ पर्यंत. सॅला बर्टनने सांगून ठेवलेल्या त्या जागेसाठी सैकत चक्रवर्ती नावाचा ओकासिओ-कोर्तेझचा जुना चीफ ऑफ स्टाफ बाईंच्या घोषणेच्या कितीतरी आधीच मैदानात उतरला होता.

बघायचंच असेल तर त्यांची भाषणं शोधू नका. २१ मार्च २०१० च्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावा आणि आवाज बंद करून फक्त आकड्यांचा बोर्ड बघा. तिथे खासदार कार्ड घालून बटण दाबतात आणि वेळ संपेपर्यंत मत बदलता येतं. मी हे तीनचारदा बघितलंय आणि दरवेळी २१६ आल्यावर माझी नजर त्या जल्लोषाकडे न जाता विरोधी रकान्याकडे जाते, त्यातला कोण अजून खिशात होता ते शोधत.